इर्जिक कुठे गेली?

पूर्वी गावात एखाद्याची नांगरट मागे पडली, की तो संध्याकाळी चार घरे फिरून सांगत असे, "उद्या आमची इर्जिक हाय. औत घेऊन या." दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या सुमारास आठ-दहा औते त्याच्या रानात हजर होत. मजुरीचे नाव कोणी काढत नसे. घरधन्याने सगळ्यांना पोटभर जेवण घालायचे आणि बैलांना वैरण टाकायची, एवढाच रिवाज. जेवण पुरणपोळीचे असे, नाही तर मटणाचे. रस्सा पातळ झाला तर त्याची थट्टा पुढल्या सुगीपर्यंत चाले. एकट्याला जे रान उलटायला कैक दिवस लागले असते, ते एका दिवसात होऊन जाई.

तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल. तरण्या पोरांनी हा शब्दही ऐकला नसेल. म्हणून आधी इर्जिक का होती ते पाहू, मग ती का गेली ते.

आपली काळी जमीन जड. तिच्यात लोखंडी नांगर खोल धरायचा तर दोन बैलांचे काम नव्हे. चार लागत, सहा लागत, कुठे कुठे आठही जुंपत. आणि गरिबाच्या दावणीला बैल किती? दोन. कित्येकांकडे एकच. म्हणजे शेजाऱ्याशिवाय नांगर हलतच नव्हता. मग दोघे-तिघे मिळून बैल एकत्र करत. आज तुझे रान, उद्या माझे. याला कुठे सावड म्हणत, कुठे पैरा म्हणत. खुरपणी, काढणीदेखील अशीच चाले. काढणीला माणसे ओळीने लागली की भलरी सुरू होई. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी झेलायचे. गाण्याच्या ठेक्यावर हात चालत आणि पाठ भरून आल्याचे ध्यानात येत नसे.

जुनी माणसे मोठ्या मनाची होती म्हणून हे चाले, असे पारावर बसून पुष्कळ जण सांगतात. आम्हांला ते निम्मेच पटते. मन मोठे असेलही, पण गरजही मोठी होती. आज ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले, त्याच्याच बैलाची आपल्याला पुढच्या आठवड्यात गरज लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून भांडण फार ताणत नसत. कोणी तरी मध्ये पडे, आणि दोघेही मनातून तेवढ्याचीच वाट बघत असत.

पुढे ट्रॅक्टर आला. भाडे दिले की काम झाले. कोणाच्या दारात जायला नको, वीस माणसांचा स्वयंपाक नको. ट्रॅक्टर वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणेल त्याने भर उन्हात एक दिवस नांगरामागे चालून पाहावे. पण ट्रॅक्टरवाला भाडे घेऊन पुढच्या रानाला जातो. तो आपल्या बांधावर जेवायला बसत नाही, आणि शेजारी तर आलेलाच नसतो. बांधाचे भांडण मग तालुक्याच्या कोर्टात जाते. ते मिटवण्याची निकड आता कोणाला उरली?

लग्नाचेही तसेच. मांडव घालायला, पत्रावळी लावायला, पाणी भरायला भावकी आणि आळी धावून येत असे. आता आचारी, वाढपी, मांडव सगळे ठेक्याने येते. आपण पाहुण्यासारखे जातो, जेवतो, निघून येतो.

बायकांच्या बाजूने पाहिले तर हीच गोष्ट जात्याची. पहाटे जात्यावर बहुधा दोघी बसत. सासू-सून असो, जावा-जावा असोत, नाही तर शेजारीण. दळता दळता ओवी निघे. दिवसभर जिला तोंड उघडायची मुभा नव्हती, ती जात्यापाशी सगळे बोलून घेई. माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, सीतेचा वनवास, सासरचा जाच. बाबासाहेब आंबेडकरांवरही बायकांनी ओव्या रचल्या आहेत. या ओव्या कोणी शाळेत शिकवल्या नव्हत्या. आईकडून लेकीने घेतल्या आणि जाताना आपल्या दोन ओळी त्यात घातल्या. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. बायांचे खांदे सुटले, ते बरेच झाले. पण ओवी जात्याला बांधलेली होती. त्याची घरघर थांबली तशी तीही थांबली. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात कोण गाणार?

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या जुन्या गावात सगळ्यांना सारखी जागा नव्हती. इर्जिकीला शेजारी आपल्या मर्जीने येत. महाराला मात्र वतनाच्या नावाखाली गावची आणि सरकारची कामे करावीच लागत. त्यात मर्जीचा प्रश्न नव्हता. ही वतने बंद करायला १९५८ साली कायदा करावा लागला. पाणवठा गावाचा म्हणायचा, पण तो साऱ्या गावाला खुला नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. तेव्हा 'पूर्वीचे गाव परत आणा' असे कोणी म्हणाले, तर कोणाचे पूर्वीचे, हे त्याला आधी विचारावे.

मग एकत्र येणे कायमचेच गेले का? तसेही दिसत नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनने गावागावांत पाण्याच्या कामाची स्पर्धा सुरू केली. नट आमीर खान तिच्यामागे होते. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. २०१८ साली ते ७५ झाले. ऐन उन्हाळ्यात, दीड महिना, लोक कुदळ-फावडे घेऊन माळावर चर खणायला जात. बाया जात, पोरे जात, मुंबई-पुण्याला गेलेले गावकरी रजा काढून येत. ही स्पर्धा २०१९ पर्यंत चालली. इथे माणसे का आली? आमचा हिशेब असा, की नांगरट एकट्याला भाड्याने करून घेता येते, पण जमिनीखालचे पाणी एकट्याच्या बांधाआड अडवता येत नाही. ते मुरले तर साऱ्यांच्या विहिरीला, नाही तर कोणालाच नाही. गरज पुन्हा सामाईक झाली, म्हणून माणसेही आली.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथल्या लोकांनी २०२२ साली ठरवले, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. भोंग्याशिवाय जमत नाही हे ऐकून काहींना हसू येईल. आम्हांला नाही आले. पूर्वी काम माणसांना एका जागी बसवत होते, ते काम गेले. मग बसायची वेळ कोणी तरी ठरवून द्यायला हवीच की.

ओव्यांचेही काही काम झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या मदतीने एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. मूळ गाणाऱ्या बाईचे नाव, गाव त्यांनी नोंदवून ठेवले. पण आपल्या घरातल्या म्हातारीची ओवी त्यात असेलच असे नाही. ती लिहिण्याचे काम आता तुम्हांला करता येईल, कारण तुम्ही लिहायला शिकला आहात. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.

तिला एकदम "आजी, ओवी म्हण" म्हटले तर ती म्हणेल, "मला न्हाई बया येत काही." कोपऱ्यातले जाते पुसून तिच्यापुढे ठेवा, मूठभर जोंधळे द्या. खुंटा हातात आला की पुष्कळदा आठवते. समोरच्या बाजूने हात लावायला सुनेला बसवा. ती मध्येच थांबली तर घाई करू नका. तिने म्हटली तशीच लिहा, शब्द सुधारू नका. खाली तिचे नाव लिहा, आणि माहेरच्या गावाचे नाव विचारायला विसरू नका. ओवी बहुधा तिथूनच आलेली असते.