विरळणी आणि रानांतील कीटक

‘विरळणी’ हा शब्द बागाईतदारांस नवा नाहीं. मुळ्याच्या वाफ्यांत रोपें दाट उगवलीं म्हणजे कांहीं उपटून टाकावीं लागतात, तेव्हां उरलेलीं पोसतात. लावलेल्या अरण्यांतही हेंच करावें लागतें. मात्र तेथील रोप चाळीस-पन्नास हात उंच झालेलें असतें आणि तें काढण्यास मजुरी पडते. ती मजुरी परवडेनाशी झाली म्हणजे रानांतील लहानग्या जीवांचें काय होतें, हें जपानांत चांगलें पाहावयास मिळालें आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत बांधकामास लांकूड पुरेना. तेव्हां डोंगरच्या डोंगर सुगी व हिनोकी या दोन सूचिपर्णी वृक्षांनीं भरून काढण्यांत आले. (आपल्या कापणीच्या सुगीशीं या सुगीचें नातें नाहीं, इंग्रजींत त्यास जपानी देवदार म्हणतात, पण खऱ्या देवदाराचें तें कुळ नव्हे.) आज त्या देशांतील अरण्यापैकीं शेंकडा ४०, म्हणजे सुमारें १ कोटी हेक्टर, मनुष्यानें लावलेलें आहे. हेक्टरीं सुमारें ३,००० रोपें लावीत. पुढें वेळोवेळीं विरळणी व्हावयाची हें गृहीतच होतें. परंतु १९६४ पर्यंत परदेशी लांकडावरील निर्बंध उठले, स्वस्त माल येऊं लागला, खेड्यांतील तरुण शहरांत गेले, आणि पुष्कळ ठिकाणीं विरळणी राहून गेली.

अशा रानांत भर दुपारींही संधिप्रकाश असतो. हे वृक्ष सदाहरित. त्यांचें छत बारा महिने मिटलेलें. खालीं गवत नाहीं, झुडूप नाहीं; हिनोकीखालीं तर गळलेलीं पर्णें चुरून पावसाबरोबर वाहून जातात व माती उघडी पडते. सुगीचा पराग वारा वाहून नेतो (वसंतांत तोच लक्षावधि लोकांस शिंकांनीं हैराण करतो), त्याच्या फुलांत मध नाहीं. मधमाशीनें तेथें यावें तरी कशासाठीं?

संशोधकांनीं विरळलेलीं व न विरळलेलीं सुगीचीं रानें ताडून पाहिलीं, तेव्हां विरळलेल्या भागांत मधमाश्या, फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माशा आणि लांब मिशांचे भुंगेरे अधिक आढळले. याचें कारण सरळ आहे. ऊन जमिनीस लागतांच मातींत निजलेलें बीं उगवतें व फुलें येतात. शिवाय, वाहून नेणें परवडत नसल्यामुळें कापलेले ओंडके पुष्कळदां तेथेंच टाकून देतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हा अपव्यय. परंतु भुंगेऱ्यांच्या अळ्या याच मेल्या लांकडांत वाढतात, आणि मोठे झाल्यावर त्यांपैकीं अनेक फुलांवर चरतात. म्हणजे एकाच कुऱ्हाडीनें सूतिकागृह आणि अन्नछत्र दोन्ही उघडलीं!

यांत शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे. कुट्टूस दुसऱ्या झाडाच्या परागावांचून दाणा धरत नाहीं. इबाराकी प्रांतांत पाहतां, सभोंवतीं नैसर्गिक रान व गवताळ जमीन असलेल्या शेतांत दाणा अधिक धरतो असें आढळलें. ज्याच्या बांधाला केवळ काळोखी सुगी लागून आहे, त्यानें कीटकांची काय आशा करावी!

मात्र हें सुख टिकाऊ नाहीं. उरलेल्या झाडांच्या फांद्या पसरून थोड्याच वर्षांत छत पुन्हां मिटूं लागतें, आणि लाभ ओसरतो. एकदां कुऱ्हाड चालवून कर्तव्य संपलें असें समजणारांस हें सांगितलें पाहिजे. छाया व ओल यांवरच जगणाऱ्या किड्यांस एकदम आलेलें ऊन मानवत नाहीं. म्हणून सारा डोंगर मोकळा करण्यापेक्षां तुकड्यातुकड्यानें विरळणें मला शहाणपणाचें वाटतें. आणि जेथें हरिणें माजलीं आहेत, तेथें अंकुर वर येतो न येतो तोंच खाल्ला जातो. कुंपणावांचून तेथें उजेड आला तरी फूल येत नाहीं.

पैशाचा प्रश्न जपाननें करानें सोडविण्याचें ठरविलें. २०१९ सालीं झालेल्या कायद्याप्रमाणें २०२४ पासून करपात्र रहिवाशांकडून दरमाणशीं वर्षास १,००० येन घेतले जातात, आणि ते विरळणीसारख्या कामांसाठीं आहेत.

आपल्या सागास हा हिशेब जसाच्या तसा लावूं नये. साग उन्हाळ्यांत पानें टाकतो, तेव्हां त्याच्याखालची जमीन ऊन खाते. आणि पावसाळ्यांत त्याच्या पांढुरक्या मोहरावर माश्या आपण होऊन येतात. चंद्रपूर वा मेळघाटाकडे मोजणी करणारानें वैशाखांत न जातां श्रावणांत जावें. छायेचा खरा प्रश्न तेथें तेव्हांच पडतो.