नेत्रालय आणि बियाण्याचे पाकीट

जालन्याच्या बियाणे उद्योगाचा विषय निघाला की दोन टोके दिसतात. काहींना ‘महिको’ या बियाणे कंपनीचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले मराठवाड्याचे उपकारकर्ते वाटतात, तर काहींना बियाणे कंपन्या म्हणजे कापूस उत्पादकाच्या घामावर जगणाऱ्या पेढ्या वाटतात. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. उद्योजकाचे दान आणि त्याच्या मालाची किंमत यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो, असे दोघेही धरून चालतात. माझ्या मते या दोन वह्या वेगळ्या ठेवल्याशिवाय कोणालाच न्याय मिळत नाही.

दान कायद्याच्या धाकाने होते, असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावणारा कायदा 2013 चा आहे. बारवाले यांनी उभारलेले जालन्याचे श्री गणपती नेत्रालय त्याच्या दोन दशके आधी, 1992 मध्ये सुरू झाले. पण सगळे एकट्याच्या कर्तबगारीवर उभे राहिले, हेही खरे नाही. बारवाले यांची सुरुवात ‘पुसा सावनी’ या भेंडीपासून झाली आणि ती जात दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेची होती. 1964 मध्ये ‘महिको’ स्थापन झाल्यावर संकरित बियाणे तयार झाले ते शेतकऱ्यांच्या बीजोत्पादन प्लॉटवर. तिथे फुलातले पुंकेसर काढून हाताने परागीकरण करणाऱ्या मजूर बायकांचे श्रम त्या यशात आहेत. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाले यांना मिळाला, तो योग्यच होता; पण त्या पुरस्काराने बियाण्याचा दर योग्य ठरत नाही.

दराची वही उघडली की आणखी एक समज आडवा येतो. बीटी कापूस ‘टर्मिनेटर’ आहे, त्याचे बी उगवतच नाही, असे अजूनही सांगितले जाते. ते चूक आहे. संकरित वाणाची पुढची पिढी एकसारखी निघत नाही, म्हणून बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. टर्मिनेटर तंत्रज्ञान भारतात कधी विक्रीला आलेच नाही. तक्रारीची खरी जागा किमतीत होती. 2002 मध्ये ‘महिको’च्या बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर 450 ग्रॅमचे पाकीट सुमारे 1600 रुपयांना विकले जाई आणि त्यातला मोठा वाटा तंत्रज्ञान शुल्काचा होता. संशोधनाला पैसा लागतो, उत्पादनही वाढले, हा आक्षेप रास्त आहे: देशातील रुईचे हेक्टरी उत्पादन त्या दशकात तीनशे किलोंच्या आसपासवरून पाचशेच्या वर गेले, अर्थात त्यात सिंचनाचा आणि चांगल्या पावसाचाही हात होता. पण 2006 मध्ये आंध्र प्रदेशाने पाकीट 750 रुपयांवर आणले, तरी विक्री थांबली नाही. म्हणजे आधीचा दर खर्चापेक्षा मक्तेदारीमुळे अधिक होता. तो उतरला शासनाच्या हुकमामुळे, कोणाच्या उदारपणामुळे नव्हे. पुढे महाराष्ट्रानेही 2009 मध्ये कापूस बियाण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला.

त्या कायद्याचा कस 2017 मध्ये लागला. गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, तेव्हा शेतकरी बियाण्याची पावती जोडून ‘जी’ नमुन्यातले तक्रार अर्ज कृषी कार्यालयात घेऊन गेले. नेत्रालयाने किती मोतीबिंदू काढले, हे त्या अर्जावर लिहायला जागा नव्हती, आणि असायचे कारणही नव्हते.