काचेच्या पेटीतला समुद्र

दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात दोनशे लिटरची काचेची पेटी, तीत खारे पाणी, वरून पडणारा निळसर प्रकाश आणि त्या प्रकाशात संथ डोलणारे जिवंत प्रवाळ! अमेरिका, जर्मनी, जपान अशा देशांत अनेक घरांतून हे दृश्य पाहावयास मिळते. जकार्ता येथील ली चिन एंग या हौशी गृहस्थाने १९६१ मध्ये जिवंत खडकांच्या साहाय्याने प्रवाळ पाळण्याची पद्धत जगापुढे मांडली. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी तिला पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची जोड दिली.

भारतात मात्र भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा ठरतो. तरीही पेटीतले प्रवाळ कशाने आजारी पडतात आणि कशाने सावरतात, हे समजून घेणे उद्बोधक आहे. कारण तीच दुखणी आज खुद्द समुद्राला जडली आहेत.

लक्षणे काय सांगतात?

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. हा सहवास बिघडला की प्रवाळाची प्रकृती ढासळते.

प्रवाळ पांढरा पडला, पण त्यावर पारदर्शक मांसल थर शिल्लक असेल, तर तो मेलेला नाही. शैवाल त्याला सोडून गेले आहे. याला विरंजन म्हणतात. पाणी तापणे किंवा प्रकाश एकाएकी वाढणे ही त्याची नेहमीची कारणे होत. उलट, मांसल थरच सुटून खाली उघडा सांगाडा दिसू लागला, तर दुखणे गंभीर समजावे. अशा वेळी अल्कतेतील चढउताराचा संशय प्रथम घ्यावा लागतो. रंग तपकिरी होत गेला, तर पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट साचले असावे किंवा प्रकाश अपुरा पडत असावा. प्रवाळ नुसताच मिटून बसला, तर लवणता, प्रवाळाचे लचके तोडणारा एखादा मासा किंवा अंगावरचे परजीवी कृमी यांची तपासणी करावी.

प्रथम मापन, मग उपाय

जाणकार छांदिष्ट अशा वेळी औषधाच्या बाटलीला हात लावीत नाही. तो आधी आपली उपकरणे तपासतो. लवणतामापकच चुकीचा आकडा दाखवीत असेल, तर त्यावर आधारलेला प्रत्येक उपाय चुकतो. त्यानंतर पाण्याची पाहणी होते. साधारणपणे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, लवणता लिटरमागे ३५ ग्रॅम, कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि अल्कता ८ ते ११ जर्मन अंश असावी, असे मानतात.

येथे एक साधी चूक वारंवार घडते. पेटीतील पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची. समजा, दोनशे लिटरच्या पेटीतून रोज दोन लिटर पाणी उडते आणि तेवढेच खारे पाणी ओतले जाते. रोज सत्तर ग्रॅम मीठ वाढेल आणि दहा दिवसांत लवणता ३५ वरून ३८.५ वर जाईल. डोळ्यांना काहीच दिसणार नाही. प्रवाळ मात्र मिटलेला असेल.

सांगाड्याचा जमाखर्च

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो वाढतो तसा पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कता यांचा रोज खर्च होतो. जेवढे खर्ची पडते तेवढेच जमा झाले, तर शिल्लक स्थिर राहते. प्रवाळ लहान असताना पुरलेली मात्रा तो मोठा झाल्यावर पुरत नाही. वर्षभर सुरळीत चाललेली पेटी एकाएकी बिघडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. ही तूट एका दिवसात भरून काढणे घातक होय. अल्कता दिवसाला एका अंशाहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची वहीत तारखेनिशी नोंद ठेवावी. चार उपाय एकदम केले, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

छंदातून जीवदान

दिवाणखान्यांत आणि मत्स्यालयांत वर्षानुवर्षे जमलेले हे शहाणपण आता मोठ्या कामी येत आहे. २०१४ मध्ये फ्लोरिडाच्या भित्तीवर प्रवाळांचा मांसल थर गळून पाडणारा रोग दिसून आला. तो पसरू लागताच २०१८ पासून निरोगी प्रवाळ समुद्रातून उचलून अमेरिकेतील अनेक मत्स्यालयांत सुरक्षित ठेवण्यात आले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ऋतूंचे तापमान आणि चंद्रप्रकाश पेटीत हुबेहूब उतरवून प्रवाळांचे प्रजनन घडवून आणले होते. त्यांच्या सहकार्याने ऑगस्ट २०१९ मध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये स्तंभप्रवाळाचे प्रजनन प्रथमच प्रयोगशाळेत यशस्वी झाले. फ्लोरिडाच्या समुद्रातून जवळजवळ नाहीशी झालेली ही जात आज मुख्यतः अशा टाक्यांच्या आश्रयाने टिकून आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला, तेव्हाही तेथील रोपवाटिकांतील हजारो प्रवाळखंड घाईने जमिनीवरील टाक्यांत हलवावे लागले.

भारताचा समुद्रही या संकटापासून दूर नाही. लक्षद्वीपच्या भित्तींनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये विरंजनाचे तडाखे सोसले आहेत. पेटीतले पाणी तापले, तर पंखा लावता येतो, दिव्याची उंची वाढवता येते. लक्षद्वीपला किंवा मालवणच्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळांना तशी सोय नाही. त्यांच्यासाठी पर्यटकाने प्रवाळावर पाय न ठेवणे, नावाड्याने भित्तीवर नांगर न टाकणे आणि किनाऱ्यावरच्या गावाने सांडपाणी समुद्रात न सोडणे, एवढे तरी माणसाच्या हाती आहे. दुखण्यातून सावरण्यासाठी प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि थोडी उसंत लागते; पेटीतही आणि समुद्रातही.