ज्वारीच्या राखणीचा माळा डगमगू नये म्हणून

रब्बी ज्वारीचे कणीस चिकात आले की पाखरांचे थवे उतरू लागतात. तेव्हापासून दाणा टणक होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ राखण चुकवता येत नाही. तरीही माळा मात्र आपण हाताला लागेल त्या लाकडाचा, घाईघाईने बांधतो. गोफण फिरवणाऱ्याचा भार एका जागी राहत नाही, दर फेकीला तो बाजूला झुकतो. माळा हलला की नेम चुकतो आणि दगड शेजारच्या बांधावरील माणसाला लागू शकतो.

तीन पायांचा माळा उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, हे खरे. परंतु भार पायांच्या बाहेर गेला की तो उलटतो. म्हणून उभ्याने गोफण मारायची असेल, तर चार खांबच घ्यावेत. बाभळीचे मिळाल्यास उत्तम. खांब खाली थोडे फाकवून किमान दोन फूट गाडावेत. काळी जमीन सुकताना भेगाळते व खांब सैल होतात, यासाठी खड्ड्यात दगड-मुरूम घालून चांगले चोपावे. चारही बाजूंना तिरक्या कैच्या बांधाव्यात. बहुतेक माळे इथेच कच्चे राहतात! ओले लाकूड वाळताना आकसते, तेव्हा आठवड्याने तारेचे बंध पुन्हा आवळावेत.

माळ्याचा तळ कणसांच्या किंचित वर असला की पुरे. जास्त उंचीने डोलणेच वाढते. गोफणीच्या हाताकडे छपराचा खांब नसावा. विजेच्या तारांखाली किंवा जवळ माळा मुळीच उभारू नये. रोज चढण्यापूर्वी चारही खांब हलवून पाहावेत.