नशेने नशा सुटेल काय?

एलएसडी, सायलोसायबिन या द्रव्यांविषयी सध्या वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते. एखाद्या मात्रेत जुने नैराश्य हटते, दारू सुटते, माणूस आतून बदलतो, असा त्यातील सूर असतो. कराडला वर्गात हा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, मग आमच्या आबांची दारू सुटंल का?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सायलोसायबिन काही जातींच्या अळंब्यांत असते. एलएसडी 1938 साली आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने तयार केले आणि त्याचा मनावरील परिणाम 1943 साली स्वतःच अनुभवला. ही द्रव्ये घेतल्यावर काही तास ‘मी’पणाची चौकट सैल होते, गाडलेल्या आठवणी वर येतात, रडू कोसळते. दारूसारखी रोजची तलफ ती सहसा लावत नाहीत. मात्र ज्याला किंवा ज्याच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, त्याला ती धोक्याची आहेत. शिवाय 1985 च्या कायद्याने ती आपल्याकडे बाळगणेही गुन्हा आहे. आणि असल्या गुन्ह्यात वस्तीतल्या पोराला सोडवायला कोणी येत नाही, हे वाचकांना सांगायला नको.

आता पुराव्याकडे वळू. 1950 नंतरच्या दशकात कॅनडात हम्फ्री ऑस्मंड आणि त्यांचे सहकारी दारूच्या रुग्णांना एलएसडी देत होते. या वर्गाच्या द्रव्यांना ‘सायकेडेलिक’, म्हणजे मन उघड करणारी, हे नाव ऑस्मंड यांनीच 1956 साली दिले. त्या काळच्या अशा सहा चाचण्यांतील 536 रुग्णांचा हिशेब नॉर्वेतील संशोधकांनी 2012 साली एकत्र मांडला. एलएसडी घेतलेल्यांपैकी 59 टक्के सुधारले, इतरांपैकी 38 टक्के. हा फरक सहा महिन्यांपर्यंत दिसतो. वर्षाच्या अखेरीस तो सिद्ध होत नाही. 2022 साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 93 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. बारा आठवडे समुपदेशन व त्यात दोन मात्रा. पुढच्या 32 आठवड्यांत सायलोसायबिन घेतलेल्यांचे अतिमद्यपानाचे दिवस सुमारे 10 टक्के होते, दुसऱ्या गटाचे 24 टक्के. गुण आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण आपल्याला खरे औषध मिळाले की नाही, हे बहुतेक रुग्णांनी ओळखले होते. तेव्हा गुण किती द्रव्याचा आणि किती आशेचा, हे वेगळे करता येत नाही.

हे संशोधक स्वतःच सांगतात, की परिणाम मनाच्या तयारीवर आणि भोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असतो. म्हणून ते खोली शांत ठेवतात, संगीत लावतात, दोन प्रशिक्षित माणसे दिवसभर जवळ बसवतात. येथेच आमचा प्रश्न सुरू होतो. परिस्थिती म्हणजे एवढी खोलीच काय? रुग्ण खोलीतून बाहेर पडतो तो कोठे जातो? उचल घेतलेला ऊसतोड कामगार पुन्हा त्याच फडावर, त्याच मुकादमाच्या शिव्या खात, त्याच गुत्त्यासमोरून खोपीत परततो. जखम रोज नव्याने होत असेल, तर एका दिवसाचा उजेड तिला किती दिवस पुरणार?

त्याच 1956 सालच्या 14 ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही एक होती. तो अनुभवही एका दिवसाचाच. तरी तो टिकला, कारण तो एकट्याने घेतला नव्हता. मागे चळवळ होती, पुढे शाळा व वसतिगृहे होती. आणि जेथे हे पाठबळ तुटले तेथे प्रतिज्ञा घेतलेल्या वस्तीतही दारू शिरली, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेले ‘परिवर्तन’ किंवा पुण्यात 1986 पासून चालू असलेले ‘मुक्तांगण’ यांच्या कामात असले चमत्कारी द्रव्य नाही. तेथे रुग्णांचा गट असतो, घरच्यांशी बोलणे असते, घरी गेल्यावरचा पाठपुरावा असतो. काम कंटाळवाणे आहे आणि ते सर्वांच्या बाबतीत यशस्वी होत नाही.

उद्या कायदा बदलला तरी दोन माणसे दिवसभर एका रुग्णाजवळ बसवण्याचा खर्च कोण करणार? देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेत आबांना आज पाच मिनिटे मिळतात, तीही मजुरीचा दिवस बुडवून.