शोषखड्ड्याचा पैसा कुठून येतो?

पर्यावरणाचं काम करायचं तर खास त्यासाठीचा निधी वरून मंजूर करून आणावा लागतो, असा समज गावोगाव आहे. मग निवेदनं निघतात, आमदारांच्या भेटी होतात, वर्ष सरतं. पण सांडपाणी जमिनीत मुरवणं, छतावरचं पाणी साठवणं, ओल्या कचऱ्याचं खत करणं ही कामं ग्रामपंचायतीच्या खात्यात येणाऱ्या पैशातून होतात. त्या पैशाच्या शीर्षात ‘हवामान’ हा शब्द नसतो, एवढंच.

हा पैसा मुख्यतः वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये ठरवून दिले. त्यातला 60 टक्के निधी बंधित. यातला अर्धा पिण्याचं पाणी, पर्जन्यजल संकलन आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, तर अर्धा स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. पण पगार आणि आस्थापना खर्च त्यातून करता येत नाही. महाराष्ट्रात एकूण निधीतला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी झाली. आयोग बदलला की टक्केवारी बदलते. गावातल्या पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

पहिली पायरी आराखड्याची. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने ओळखला जाणारा वार्षिक आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. आराखड्यात नसलेल्या कामाला पुढे वाट काढणं फार जिकिरीचं. म्हणून मे महिन्यात पाणी आटल्यावर ओरडण्यापेक्षा हिवाळ्यात आराखडा ठरत असताना बोललेलं बरं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी ती. तेवढीही माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! बरेच आराखडे अशा दुसऱ्या सभेत, चार डोकी हजर असताना मंजूर होतात. कायद्याने नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. मोरीचं पाणी गल्लीत कुठे तुंबतं हे त्या सभेत जितकं नेमकं कळतं, तितकं सर्वेक्षणाच्या तक्त्यात कळत नाही.

ठराव लिहितानाही शहाणपण लागतं. ‘गाव हरित करणे’ असा ठराव कितीही मनापासून केला तरी त्याचं अंदाजपत्रक कोण काढणार? ‘अमुक गल्लीच्या गटाराच्या शेवटी सार्वजनिक शोषखड्डा बांधणे’ असं लिहिलं की काम कुठल्या शीर्षात बसतं ते लगेच दिसतं आणि कनिष्ठ अभियंता जागा पाहायला येऊ शकतो. तो दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश.

शोषखड्ड्याबाबत जागा पाहणं हा उपचार नव्हे. खाली मुरूम लागला तर पाणी झरझर मुरतं. चिकण काळ्या मातीत तेच पाणी डबकं होऊन बसतं. पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून तो लांब हवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारं आणि त्याबरोबर डास हटवले, त्याची कीर्ती राज्यभर झाली. पाहायला गेलेल्यांनी खड्ड्याची मापं टिपून आणली. माती मात्र प्रत्येकाच्या गावाची वेगळी होती.

पैसा अपुरा पडला तर दोन योजनांची सांगड घालायची. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद धरली होती, आणि त्यातला 30 टक्के भार ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून उचलायचा. दोन हजार वस्तीच्या गावाचा हिशोब करून पाहा: एकूण 5 लाख 60 हजार, त्यात ग्रामपंचायतीचे 1 लाख 68 हजार. घराघरांतल्या खड्ड्यांची मजुरी आणि झाडं लावणं यांना रोजगार हमीचा आधार घेता येतो.

शाळेच्या छतावरचं पाणी साठवायचं तर ते बंधित निधीच्या पाण्याच्या हिश्श्यात बसतं. 200 चौरस मीटर छत आणि वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस धरला, वाया जाणारं वजा केलं, तरी सुमारे 95 हजार लिटर पाणी हाती येतं. सगळं एकदम साठवायची टाकी परवडत नाही. ते कूपनलिकेच्या पुनर्भरणाला सोडणं स्वस्त पडतं, फक्त आधी गाळण हवी. सौर पथदिव्यांसाठी अबंधित हिस्सा आहे.

काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद घेतो, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो चढवले जातात. देयक निघतं ते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने. एकाच्या स्वाक्षरीची मुदत संपलेली असली की ठेकेदार हेलपाटे घालतो. लेखे ऑनलाइन आणि तपासलेले नसतील किंवा निवडून आलेली समितीच नसेल, तर पुढचा निधी अडकतो. निवडणुका लांबल्या की प्रशासकाच्या काळात गावं याचा ताप सोसतात.

2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाचा रस्ता निराळा. तिथे भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांखाली गुण मिळतात आणि वरच्या क्रमांकांना बक्षीस. म्हणजे आधी काम, मग पैसा. सुरुवातीलाच खडखडाट असलेल्या ग्रामपंचायतीने त्यावर भिस्त ठेवू नये.

देखभाल मात्र यातल्या बहुतेक अंदाजपत्रकांत नसते. शोषखड्ड्याआधीच्या जाळीतला गाळ वेळच्या वेळी काढला नाही तर खड्डा बुजतो, आणि गाळ काढणाऱ्याची मजुरी कोणत्या शीर्षात घालायची यावर पुन्हा चर्चा सुरू होते. घरपट्टी, पाणीपट्टी नियमित वसूल होणाऱ्या गावाला ती मजुरी ग्रामनिधीतून देता येते. म्हणून ग्रामसभेत नव्या कामाचा ठराव येईल तेव्हा सोबत विचारावं: गाळ कोण काढणार, किती महिन्यांनी, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून?