जबड्याची शस्त्रक्रिया : निर्णय दातांना तारा लावण्याआधीच

वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तर दोष दातांत असतो किंवा हाडात. दोष दातांत असेल तर तारा लावून काम भागते. पण दात ज्या हाडात रोवलेले आहेत ते हाडच आखूड, लांब किंवा तिरके वाढले असेल आणि वाढीचे वयही उलटून गेले असेल, तर ते जागेवर आणायला शस्त्रक्रियेखेरीज मार्ग नाही. या शस्त्रक्रियेला ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात. दोष ठळक असला की निर्णय सोपा असतो. खरी ओढाताण होते ती मधल्या, थोडक्या दोषाच्या रुग्णांची.

खालच्या जबड्याची आज रूढ असलेली पद्धत ह्युगो ऑबवेगेसर आणि रिचर्ड ट्राउनर यांनी १९५७ मध्ये मांडली. दाढांच्या मागे हाड त्याच्या जाडीतून उभे चिरले जाते. मग काडेपेटीचा खण सरकवावा तसा दातांचा भाग पुढे किंवा मागे सरकवून टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूने पक्का करतात. वरच्या जबड्याचा छेद ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. त्याने १९०१ मध्ये मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात ते नोंदवले होते. त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवर आता सर्जन मुद्दाम छेद घेतात. टाके तोंडाच्या आत असल्याने चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. पट्ट्या येण्यापूर्वी जबडे सुमारे सहा आठवडे तारेने बांधून ठेवावे लागत.

शस्त्रक्रियेची गरज किती, हे ठरवायला ब्रिटनमध्ये २०१४ पासून पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी वापरात आहे. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे असणे स्वाभाविक. हे अंतर ९ मिलिमीटरच्या वर गेले, खालचे दातच वरच्यांच्या ३ मिलिमीटर किंवा अधिक पुढे आले, किंवा तोंड मिटल्यावरही पुढच्या दातांत ४ मिलिमीटरची फट उरली, तर रुग्ण सर्वांत वरच्या पायरीवर मोजला जातो. आकड्यांमागचे हाल रोजच्या खाण्यात दिसतात. ज्याच्या पुढच्या दातांत फट आहे त्याला वडापावचा घास समोरून तोडता येत नाही. तो तोंड वाकडे करून दाढेने तोडावा लागतो, आणि मग माणूस चारचौघांत खाणेच टाळू लागतो. काहींचे खालचे दात टाळूवर आपटून तिथे जखमा होतात.

झोपेत श्वास अडकण्याच्या गंभीर विकारातही दोन्ही जबडे पुढे आणल्याने घशामागची वाट रुंदावते. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात अशा सुमारे ८६ टक्के रुग्णांत ही शस्त्रक्रिया यशस्वी ठरल्याचे दिसले. विकार पूर्ण बरा झालेल्यांचे प्रमाण मात्र याच्या निम्म्याच्या आसपास होते. याउलट, कानापुढचा सांधा दुखतो किंवा कटकट वाजतो एवढ्याच कारणासाठी जबडा कापून घेणे शहाणपणाचे नाही. काहींचे दुखणे कमी होते, काहींचे तसेच राहते, काहींचे वाढते. कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही.

या शस्त्रक्रियेसाठी शरीराला जी किंमत मोजावी लागते, तिच्यात पहिली येते नस. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस नेमकी चिरल्या जाणाऱ्या हाडातून जाते. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना तिथे बधिरपणा जाणवतो. ओठ हलतो, हसू नेहमीसारखेच राहते, पण ओठाला लागलेले वरण कळत नाही. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत ते वर्षभरात परतते; काहींत थोडा बधिरपणा कायम राहतो आणि वय जास्त असेल तर ही शक्यता वाढते. शिवाय काही आठवडे पातळ आणि मऊ अन्न, सूज, घटलेले वजन हे सगळे आलेच. वरचा जबडा पुढे आणला की नाकपुड्या थोड्या रुंदावतात, हे अनेकांना आधी कोणी सांगितलेलेच नसते.

सगळ्यांत कमी बोलली जाणारी गोष्ट तारांची. खालचा जबडा जास्त वाढला, की शरीर आपल्या परीने तडजोड करते : खालचे पुढचे दात आत कलतात, वरचे बाहेर झुकतात. शस्त्रक्रियेविना भागवायचे असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारा दंततज्ज्ञ, हाच कल वाढवतो. दाढ काढावी लागलीच तर बहुधा खालची उपदाढ काढतो. शस्त्रक्रिया करायची असेल तर नेमके उलटे : कल काढून दात हाडावर सरळ उभे करायचे, उपदाढ काढलीच तर वरची. या तयारीत दोष झाकणारा आडोसा जातो आणि वर्ष-दीड वर्ष चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. मध्येच बेत बदलला तर दात भलत्याच जागी जाऊन बसलेले असतात आणि काढलेली दाढ काही परत येत नाही. ‘आधी तारा लावू, मग बघू’ हा सल्ला म्हणूनच सर्वांत महाग पडतो. आधी शस्त्रक्रिया आणि नंतर तारा अशीही एक पद्धत आहे. पण ती निवडक रुग्णांनाच लागू पडते.

वयाची घाईही नडते. मुलींची वाढ साधारण सोळा-सतराव्या वर्षी थांबते, मुलांची अठरानंतरही चालू राहू शकते, आणि पुढे आलेला खालचा जबडा तर उशिरापर्यंत वाढतो. वाढ थांबण्याआधी कापलेले हाड पुन्हा पुढे येऊ शकते. सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने काढलेले दोन एक्स-रे एकमेकांवर ठेवून पाहिले, की वाढ थांबली की नाही ते कळते.

दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेण्यात गैर काही नाही. योग्य निवडलेले बहुसंख्य रुग्ण नंतर समाधानी असतात. मात्र इतरांना न दिसणारा दोष ज्याला आरशात सतत दिसतो, त्याचे कोणत्याही शस्त्रक्रियेने समाधान होत नाही. त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. दात नीट चावत असतील आणि दोष एक-दोन मिलिमीटरचा असेल, तर शस्त्रक्रिया टाळणेच बरे. दोष मोठा असेल तर पहिली तार बसण्यापूर्वी ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन या दोघांची एकत्र गाठ घ्यावी, आणि कोणते दात काढणार आणि का, हे लिहून घ्यावे.